भिंतीवरची २०१९ ची रेघ

आज सकाळपासून डोकं तापलंय, म्हणून लिहितोय. लांबेल, पण ज्यांचं घर, दुकान किंवा नुसता डोळा जरी नदीकडच्या प्लॉटवर असेल त्यांनी शेवटपर्यंत वाचा.

कोल्हापुरात जयंती नाल्याच्या खालच्या अंगाला एका गल्लीत एका घराच्या फाटकाच्या खांबावर तांबड्या ऑइल पेंटनं रेघा मारलेल्या होत्या. एकीवर २०१९, दुसरीवर २०२१, म्हणजे त्या त्या वर्षी पुराचं पाणी इथवर चढलं होतं. दोन्ही जवळजवळ एकाच उंचीला, उभ्या माणसाच्या छातीच्या वर. आज सकाळी पेंटर त्या खरवडत होता. आधी पत्रा, मग वॉल पुट्टी, मग पॉलिश पेपर, त्यावर प्रायमरचा एक हात. घर विकायला काढलंय, रविवारी गिऱ्हाईक येणार आहे, एवढंच तो म्हणाला.

पेंटरवर राग नाही, त्याचं ते रोजचं पोट आहे. राग याचा आहे की त्या गल्लीत ज्याला वाचता येतं असं पुराचं एकमेव कागदपत्र ती रेघ होती. बाकीचे नकाशे कचेरीत गुंडाळून ठेवलेत.

नियम काय आहे ते एकदा सरळ सांगतो, कारण त्यावर एजंट लोक वाटेल ते सांगतात. निळी पूररेषा म्हणजे सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराचं पाणी जिथवर पोचतं ती हद्द. लाल रेषा म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. नदीकाठापासून निळ्या रेषेपर्यंतचा पट्टा निषिद्ध, निळ्यापासून लाल रेषेपर्यंतचा नियंत्रित. २०२० च्या डिसेंबरात राज्याची एकात्मिक बांधकाम नियमावली आली, तिच्यात हे स्पष्ट आहे. निषिद्ध पट्ट्यात पार्किंग, उघडा भाजी बाजार, बाग, लॉन, स्मशानभूमी, सार्वजनिक शौचालय असल्या वापराला परवानगी, नवीन इमारतीला नाही. जुनी अधिकृत मिळकत असेल तर पाटबंधारे खात्याच्या ना हरकतीनं पुनर्बांधणी होते. नियंत्रित पट्ट्यात बांधता येतं, पण लाल रेषेच्या पातळीच्या वर ०.४५ मीटर, म्हणजे दीड फूट उंचीवर.

आता '२५ वर्षांतून एकदा' या शब्दांनी किती घरं बुडवली ते बघा. लोकांना वाटतं, २०१९ ला येऊन गेला, आता २०४४ पर्यंत निवांत. तसं नसतं. दरवर्षी शंभरात चार अशी शक्यता असते आणि पुढच्या वर्षी ती पुन्हा चारच असते. २० वर्षांचं गृहकर्ज काढलं तर ते फिटायच्या आत एकदा तरी निळ्या रेषेएवढं पाणी यायची शक्यता शंभरात ५६, ३० वर्षांचं असेल तर ७१. लाल रेषेचा पूरसुद्धा ३० वर्षांत शंभरात २६. आणि आपण तर २०१९ आणि २०२१ असे दोन्ही पूर दोन वर्षांच्या अंतरानं बघितलेत. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर ४३ फूट ही धोका पातळी, दोन्ही वेळा पाणी ५५ च्या पुढे गेलं होतं.

या सगळ्याचा खून होतो तो भरावानं. नियमावली जोत्याची उंची सांगते, म्हणून गडी काय करतो, आख्खा प्लॉटच उचलतो. खरमाती, डबर, मुरूम, जे मिळेल ते. एक एकर सहा फूट भरायचं तर २,६०० ब्रास लागतो, एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. चार ब्रासचा टिपर धरला तर साडेसहाशे खेपा. एवढी वाहतूक दिवसाढवळ्या होते आणि कुणाला दिसत नाही? त्या एका एकरात पुराचं ७४ लाख लिटर पाणी मावत होतं. ते आता तुमच्या प्लॉटवर येणार नाही, शेजारच्या कुंभार गल्लीत जाणार. शेजारी मग पुढच्या वर्षी स्वतःचा प्लॉट सात फूट भरतो. पंचगंगेला उतार कमी, ती पसरून वाहणारी नदी आहे. रेडेडोह फुटला, म्हणजे नदी पात्र सोडून पसरायला लागली, की काय होतं हे कोल्हापूरकराला शिकवायला नको. पसरायची जागा भरून टाकली की पाणी उंचीतच वाढणार, दुसरं जाणार कुठं?

बरं, धरणाचे विसर्ग, कर्नाटकातलं अलमट्टी धरण, महामार्गाचा भराव यांचाही वाटा आहे, मान्य. शिरोलीकडचा भराव काढून खांबावर पूल करा ही मागणी रास्तच आहे. पण महामार्गाच्या भरावावर ओरडणाऱ्यानं आपल्या प्लॉटवरचा भराव आधी मोजावा.

आणि ते लॉन! नियमात लॉनला परवानगी आहे ना, मग पहिल्या वर्षी खरोखर हिरवळ लावतात. दुसऱ्या वर्षी वरातीला सावली पाहिजे म्हणून पत्र्याचं शेड. मग आचाऱ्याला ओटा, नवरा-नवरीला खोली, पाहुण्यांना फरशी. फरशीला चिखल लागतो म्हणून भराव. भराव वाहून जातो म्हणून चारी बाजूंनी सात फुटी पक्की भिंत. प्रत्येक पायरी लहान, प्रत्येक पायरीला 'एवढ्यानं काय होतंय'. पाच वर्षांनी निषिद्ध पट्ट्यात मंगल कार्यालय उभं आणि कागदावर अजून हिरवळ.

ती भिंत तर स्वतंत्र विषय आहे. पूर पट्ट्यात भरीव कंपाउंड म्हणजे आडवा बांध. पाणी चढताना ती अडवते आणि उतरताना जास्त घात करते. बाहेरचं पाणी झपाट्यानं खाली जातं, आतला भराव मात्र पाणी पिऊन जड झालेला असतो. भिंतीला पाणी निघायला भोकं ठेवली नसतील, मागे खडीचा थर नसेल, तर सगळा दाब भिंतीवर येतो आणि ती नदीच्या बाजूला आडवी होते. पूर ओसरल्यावर भिंती पडतात त्या याच कारणानं. जोत्याच्या उंचीपर्यंत दगडी काम आणि वर जाळी, एवढं केलं तरी पाण्याला वाट राहते. भराव करायची परवानगी असेल तिथेसुद्धा २०-२५ सेंटिमीटरचे थर टाकून, पाणी मारून, रोलर फिरवून करायला हवा. इथे टिपर उलटा करून जेसीबीनं सारखं करतात आणि वर फरशी. पहिल्या पुरात ती फरशी बसते.

आता तो खांब परत आठवा. त्या रेघेच्या खाली प्लास्टरला लोणा लागला होता, पांढरी पावडर. पेंटरनं पुट्टी मारली खरी, पण भिंतीत मुरलेला खार पुढच्या पावसाळ्यात पुट्टी फोडून बाहेर येणार. म्हणजे घर घेणाऱ्याला ती रेघ दिसणारच, पैसे देऊन झाल्यावर.

विकणाऱ्या माणसाला मी शिव्या देणार होतो, पण लिहिता लिहिता हात थांबला. त्यालाही कुणीतरी असंच विकलं असेल. दोन वेळा घर उपसायचं, गाळाचे लोंढे खराट्यानं बाहेर काढायचे, फुगलेले प्लायवूडचे दरवाजे फेकायचे, पोरांची पुस्तकं उन्हात वाळवायची. कंटाळला असेल. जिथं पाणी येतं तिथून बाहेर पडावं वाटणं हा गुन्हा नाही. ज्याला परवडतं तेवढ्यात जागा मिळते ती नेमकी खालच्या अंगाला, हेही खरं. एक-दोन गुंठ्याच्या तुकड्यावर घर बांधलेल्या माणसाला 'नियम वाचला नाहीस का' असं विचारायची माझी हिंमत नाही.

पण ज्यांना परवडतं आणि जे तरी भरतात, त्यांच्यासाठी माझ्याकडे मऊ शब्द नाही. त्याच नियमावलीत अशी सोय आहे की प्लॉट विकसनयोग्य झोनमध्ये असेल आणि त्याचा काही भाग निळ्या पूररेषेत जात असेल, तर त्या भागाचा एफएसआय, म्हणजे बांधकामाचा हक्क, उरलेल्या जागेवर वापरता येतो. म्हणजे नदीकडची जागा मोकळी सोडली तरी मालक उपाशी मरत नाही. तरीही नदीकडचीच बाजू भरायची, कारण 'रिव्हर व्ह्यू'ला दर मिळतो. पिंपरी-चिंचवडला २०२५ च्या मे महिन्यात इंद्रायणीच्या निळ्या रेषेतले ३६ बंगले पाडले गेले. हरित लवादाचा आदेश होता, सर्वोच्च न्यायालयातही तो टिकला. ज्यांनी आयुष्यभराची कमाई तिथे घातली त्यांचे हाल बघवत नव्हते. प्लॉट पाडून विकणाऱ्याचं घर मात्र कोरडंच.

तर ज्याला घ्यायचंच आहे त्यानं काय करायचं? आधी सातबारा किंवा मिळकत पत्रिका, गट नंबर किंवा सिटी सर्व्हे नंबर हातात घ्या. नगररचना विभागाकडून झोन दाखला मागा. मोजणी नकाशा जोडून पाटबंधारे विभागाकडे अर्ज करा की या नंबरातून निळी आणि लाल रेषा कुठून जाते आणि त्या ठिकाणी लाल रेषेची पातळी किती. उत्तर समुद्रसपाटीपासून मीटरमध्ये यायला पाहिजे, त्याला आर. एल. म्हणतात. मग मंजूर नकाशावर जोत्याची किंवा पहिल्या राहत्या मजल्याची आर. एल. शोधा. दोन्हीत किमान ०.४५ चा फरक हवा. 'रस्त्यापासून चार फूट जोतं घेतलंय' हे ऐकून माना डोलवू नका. रस्ता दर डांबरीकरणाला वर येतो आणि लाल रेषा त्या रस्त्याच्या दहा फूट वर असू शकते. शंका असेल तर सर्व्हेअरला बोलवा. जवळच्या सरकारी बेंचमार्कपासून (उंची ठरवून दिलेली खूण) ऑटो लेव्हल या मोजणी यंत्रानं पातळी आणायला अर्धा दिवस लागतो, आणि परत त्याच बेंचमार्कवर जाऊन हिशेब जुळवून घ्यायला सांगा. लांबच्या पुलाची पातळी आपल्या प्लॉटला लावू नका, नदीला उतार असतो.

बंधाऱ्यावरचे फूट आणि आर. एल. यांचीही गल्लत करू नका. बंधाऱ्यावरचे ५५ फूट हे तिथल्या मोजपट्टीवरचे आहेत. पण त्यांचा एक उपयोग फार मोठा आहे. तुमच्या पहिल्या पायरीला पाणी लागलं तेव्हा बंधाऱ्यावर किती फूट होतं, एवढा एक आकडा घरातल्या सगळ्यांना पाठ पाहिजे. पुढच्या वेळी त्याच्या दोन फूट आधी सामान वर न्यायला सुरुवात करायची. गल्लीत तीस वर्षं दूध घालणाऱ्याला विचारा, त्याला प्रत्येक घराचा आकडा माहीत असतो.

इमारतीत गेलात तर फ्लॅटच्या आधी पार्किंग बघा. स्टिल्ट, म्हणजे खांबांवरचा उघडा तळमजला, मोकळं ठेवलं असेल तर पाणी खालून निघून जातं, चांगलंच आहे. पण तिथेच विजेचे मीटर, जनरेटर, पाण्याची मोटर लावली असेल तर तुमचा तिसरा मजला कोरडा राहूनही आठवडाभर अंधारात आणि बिनपाण्याचा. मीटर, पॅनेल लाल रेषेच्या वर हवेत. लिफ्ट वरच्या मजल्यावर थांबवायची सोय हवी. जमिनीखालच्या टाकीचं झाकण पार्किंगच्या फरशीला सपाट असेल तर पुराचं पाणी थेट पिण्याच्या पाण्यात. ड्रेनेजच्या शेवटच्या चेंबरला उलटं पाणी अडवणारी झडप नसेल तर दारातून पाणी यायच्या आधी ते शौचालयातून येतं. आणि स्टिल्ट नंतर भिंती घालून दुकानाला दिलंय का तेही बघा, कारण मंजूर नकाशात ते उघडं असतं.

जुनं घर घेत असाल तर नव्या रंगाला भुलू नका. फक्त तळमजल्याला ताजा रंग असेल तर बोटानं टकटक करा, पोकळ वाजतं का. खिडकीच्या सरकत्या पट्टीच्या कोपऱ्यात नखानं उकरा, बारीक राखाडी गाळ निघतो. चौकटीच्या खालच्या टोकाला लाकूड फुगलंय का बघा.

रविवारी ते घर बघायला जो कुणी येईल त्याच्यापर्यंत ही पोस्ट पोचली तर बरं होईल, म्हणून शेअर करा. दादा, फाटकाशेजारची मीटरची पेटी उघडायला सांगा. खांबावरची रेघ गेली असली तरी पेटीच्या आतल्या पत्र्यावर गाळाची रेघ तशीच आहे, तिथे पेंटरचा ब्रश गेलेला नाही.