अडीचशे ग्रॅमची रजई

जयपूरला जायचं ठरलं तेव्हा मी रीतसर अभ्यास केला होता. सवाई जयसिंहांनी १७२७ साली वसवलेलं शहर, काटकोनात आखलेले रस्ते, जंतरमंतर, हवामहल. तीन दिवसांचं वेळापत्रक वहीत उतरवलं आणि त्यात खरेदीला उदार मनाने एक तास दिला. बायकोने वही वाचली आणि काहीच बोलली नाही. एकोणीस वर्षांच्या संसारी माणसाने तिथेच सावध व्हायला हवं होतं.

पहिल्याच दिवशी सिटी पॅलेसच्या वाटेवर ‘नुसतं बघू’ म्हणून रिक्षा बापू बाजारात थांबली. नाताळचे दिवस. ठाण्यात मुरलेल्या आमच्या हाडांना ती थंडी नवीन. दुकानदाराने गादीवर बसवलं आणि चहा मागवला. चहा प्यायलो तिथेच आम्ही हरलो.

“सिर्फ ढाई सौ ग्राम रुई, माताजी! फूल है, फूल!”

“हमारे जांभळी नाके पे इसके आधे में मिलता है,” आई ठामपणे म्हणाली. जांभळी नाक्यावर जयपुरी रजई मी तरी पाहिलेली नाही. पण तिच्या आवाजातल्या खात्रीने दुकानदारही क्षणभर चाचरला आणि अठ्ठावीसशेची रजई एकोणीसशेवर आली.

अडीचशे ग्रॅम हा फक्त कापसाचा हिशेब असतो. वरचं छापील कापड, अस्तर, प्लास्टिकची पिशवी, सुतळी आणि प्रेमाने दिलेले दोन अभ्रे त्यात धरत नाहीत. ते सगळं माझ्या खांद्यावर आलं.

बाहेर आल्यावर बायको म्हणाली, “अहो, गुलाबी शहर ते हेच का? हा गुलाबी नाहीच, हा गेरू आहे.” १८७६ साली इंग्लंडचा युवराज येणार म्हणून हा रंग दिला, हे मी सांगितलं. “म्हणजे पाहुणे यायचे म्हणून घाईघाईत रंगवलंय,” ती म्हणाली. विषय संपला.

जंतरमंतरच्या दाराशी पहारेकऱ्याने गुंडाळीवर काठी टेकवली. “इसमें क्या है?”

“रजाई.”

“अंदर सोना मना है.”

आत सत्तावीस मीटर उंचीचं सम्राट यंत्र. दोन सेकंदांपर्यंत वेळ दाखवणारं सूर्यघड्याळ! मी भारावून बघत होतो. आईने त्यावरची वेळ गाईडकडून वदवून घेतली, मनगटावरच्या घड्याळाशी ताडून पाहिली आणि म्हणाली, “अर्धा तास मागे आहे रे.” ते जयपूरची स्थानिक वेळ दाखवतं, आपली प्रमाणवेळ साधारण सत्तावीस मिनिटं पुढे, हे मी रजई या खांद्यावरून त्या खांद्यावर घेत समजावलं. “मग पुढे करून का नाही ठेवत?” तिने विचारलं.

सिटी पॅलेसमध्ये मात्र माझा दिवस होता. तिथे चांदीचे दोन अगडबंब हंडे आहेत, एकेक तीनशे पंचेचाळीस किलोचा. महाराजा माधोसिंह १९०२ साली सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकाला लंडनला निघाले, तेव्हा परदेशातलं पाणी नको म्हणून असल्या हंड्यांत गंगाजल भरून नेलं. हे मी इतक्या रंगवून सांगितलं की शेजारचं गुजराती कुटुंबही थांबून ऐकू लागलं. आई हंड्याकडे फार आपुलकीने बघत होती. तिच्या बॅगेत भडंग, लसणीची चटणी आणि मेतकुटाची बरणी होती.

हवामहलची गंमत अशी, की फोटोत दिसणारी ती ९५३ खिडक्यांची बाजू ही त्याची पाठ. आत जायला मागून वळसा. वरच्या मजल्यांवर जायला जिन्याऐवजी उतार आहेत. पालख्या नेता याव्यात म्हणून, असं म्हणतात. दुसऱ्या उतारावर मी रजई खाली ठेवली आणि भिंतीला टेकलो.

“अगं, ही तू धर ना जरा.”

बायकोच्या दोन्ही हातांत लाखेच्या बांगड्यांचे खोके होते. कधी घेतले, देव जाणे. उत्तर आईने दिलं.

“तो राजा हंडे घेऊन लंडनला गेला. आणि तुला एक रजई जड झाली?”

मी रजई उचलली.

ठाण्यात परतल्यावर पहिल्या रात्री आईने ती कौतुकाने अंगावर घेतली. दहा मिनिटांनी तिची हाक आली. “अरे, पंखा जरा पाचवर कर.”