क्लच केबल ताणून पिकअप वाढत नाही

दुचाकीच्या देखभालीविषयी समाजमाध्यमांवर फिरणाऱ्या सल्ल्यांपैकी एक सल्ला इतक्यांदा पुढे पाठवला गेला आहे की अनेक जण त्याला नियमच मानू लागले आहेत. त्याचा आशय असा: क्लच लिव्हरमधली ढिलाई म्हणजे वाया जाणारी ताकद, म्हणून केबल ताणून ती पूर्ण काढून टाकावी, त्याने पिकअप आणि ॲव्हरेज दोन्ही सुधारतात, गिअर अडकत असो वा गाडी चढावर ओढत नसो, उपाय हाच, एवढे करूनही फरक पडला नाही तर क्लच प्लेटा संपल्या असे समजावे, आणि हे मोटारींनाही लागू आहे. यातला प्रत्येक दावा वेगळा तपासावा लागतो, कारण एकात थोडे तथ्य आहे आणि त्याच्या आधाराने बाकीचे खपून जातात.

पहिला दावा ढिलाईचा. लिव्हरचे टोक क्लचवर काहीही परिणाम न होता जितके मोकळे हलते, त्याला फ्री प्ले म्हणतात आणि १०० ते १२५ सीसीच्या बहुतेक मोटारसायकलींच्या मालक-पुस्तिकेत तो १० ते २० मिलिमीटर ठेवण्यास सांगितलेले असते. इंजिनाची ताकद चाकाकडे जाते ती क्लचमधल्या स्प्रिंगांनी प्लेटा एकमेकींवर घट्ट दाबून धरल्यामुळे. केबलचे काम तो दाब तात्पुरता काढण्याचे आहे. त्यामुळे सैल केबल ताकद खात नाही, उलट लिव्हर सोडलेली असतानाही ताणलेली राहणारी केबलच ती खाते, कारण ती प्लेटांवरचा दाब सतत थोडा कमी करत राहते आणि रेटा वाढला की प्लेटा घसरू लागतात. घसरणीतून उष्णता निर्माण होते, उष्णतेने घर्षणाचा थर जळतो आणि ज्या ॲव्हरेजसाठी केबल ताणली तेच खाली येते.

या संदेशात कुठेच न येणारी एक गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. केबल वापराने लांबते तेव्हा फ्री प्ले वाढतो. प्लेटा झिजतात तेव्हा मात्र तो कमी होतो, कारण प्लेटांचा थर पातळ झाला की त्यांना दाबून धरणारी दाबपट्टी सरकते आणि क्लच सोडवणारी यंत्रणा केबलच्या टोकाकडे ढकलली जाते. म्हणजे आज शून्यावर आणलेला फ्री प्ले प्लेटांच्या पुढच्या थोड्याशा झिजेनंतर शून्याच्याही खाली जातो, आणि चालवणाऱ्याच्या हाताला ते कळतही नाही. हँडल पूर्ण वळवल्यावर काही गाड्यांत केबल आणखी ताणली जाते, ते वेगळेच. म्हणून मोजमाप हँडल सरळ ठेवून करावे आणि नंतर दोन्ही बाजूंना वळवून प्ले शिल्लक राहतो ना, हे पाहावे.

मग केबल ताणल्यावर ‘गाडी हलकी झाली’ असे लोक का सांगतात? क्लच पकडण्याची जागा मुठीपासून दूर सरकते आणि लिव्हर थोडी दाबताच क्लच सुटतो, एवढाच फरक हाताला जाणवतो. इंजिनाच्या ताकदीत त्याने काडीचीही भर पडत नाही.

दुसरा दावा अधिक घातक आहे, कारण तो दोन परस्परविरुद्ध बिघाडांना एकच औषध देतो. लिव्हर पूर्ण दाबूनही क्लच नीट सुटत नसेल तर गिअर कडक लागतो, सिग्नलला उभे असताना न्यूट्रल सापडत नाही आणि पहिल्या गिअरमध्ये गाडी पुढे सरकू पाहते. याचे कारण जास्त फ्री प्ले असेल तर केबल ताणणे योग्यच आहे, आणि संदेशातले तथ्य ते एवढेच. याउलट खंबाटकी किंवा कसारा घाट चढताना इंजिनाचा आवाज वाढतो पण वेग वाढत नाही, तेव्हा क्लच घसरत असतो आणि तेथे केबल आणखी ताणणे म्हणजे दुखणे वाढवणे होय. मोकळ्या रस्त्यावर वरच्या गिअरमध्ये मध्यम वेगाने जाताना थ्रॉटल एकदम उघडावा; वेगाला मागे टाकून आरपीएम उसळले तर घसरण नक्की. अशा वेळी आधी केबल सैल करून फ्री प्ले पुस्तिकेप्रमाणे आणावा आणि तीच चाचणी पुन्हा घ्यावी.

समायोजन तसे सोपे आहे. लिव्हरजवळचा ॲडजस्टर बारीक फरकासाठी आणि इंजिनाजवळचा मोठ्या फरकासाठी असतो. वरचा ॲडजस्टर आत फिरवून घ्यावा, खालच्याने प्ले साधारण जुळवावा, ॲडजस्टर जागेवर धरणारा चेकनट आवळावा आणि उरलेला फरक वरून काढावा. वरच्याच ॲडजस्टरने सगळे भागवत राहिल्यास तो इतका बाहेर येतो की मोजक्याच आट्यांवर लटकतो. केबलची एखादी तार तुटलेली दिसली किंवा कोकणातल्या पावसाने ती आतून गंजून जड चालू लागली, तर जुळवणीत वेळ न घालवता ती बदलावी.

‘फरक नाही पडला तर प्लेटा गेल्या’ हा निष्कर्ष गॅरेजच्या बिलाला सोयीचा असला तरी घाईचा आहे. इंजिन ऑइलमध्ये बुडून चालणाऱ्या क्लचमध्ये आधी ऑइल पाहावे: मोटारसायकलीला जासो या जपानी मानकाच्या एमए किंवा एमए२ दर्जाचे ऑइल लागते, तर एमबी दर्जाचे कमी घर्षणाचे ऑइल मुख्यतः स्कूटरसाठी असून ते या क्लचमध्ये घसरण घडवू शकते. न्यूट्रल सापडत नसेल तर आयडलिंग, म्हणजे थ्रॉटल न देता इंजिन फिरण्याचा वेग, हेही तपासावे. लहान इंजिनात ते सुमारे १४०० आरपीएमला असायला हवे आणि त्याहून बरेच वर असल्यास चांगला क्लचसुद्धा वाईट वाटतो. क्लच उघडल्यावरही निर्णय नजरेने होत नाही. प्लेटांची जाडी आणि स्प्रिंगांची मोकळी लांबी व्हर्नियरने मोजावी, स्टीलच्या प्लेटा निळसर पडल्या आहेत का किंवा वाकल्या आहेत का ते पाहावे आणि प्लेटा ज्यात बसतात त्या हाउसिंगच्या खाचांत प्लेटांच्या दातांनी खड्डे पाडले आहेत का, तेही तपासावे. असे खड्डे असताना नव्या प्लेटा टाकल्या तरी गिअर अडकतच राहतो. नव्या प्लेटा ऑइलमध्ये भिजवूनच बसवाव्यात.

राहिला मोटारींचा दावा. मारुती ८०० सारख्या केबलवर चालणाऱ्या क्लचला फ्री प्लेचे वरचे तर्क लागू होतात, फक्त तो पेडलवर मोजायचा आणि तेथील क्लच कोरडा असल्याने इंजिन ऑइलचा मुद्दा गळतो. द्रवाच्या दाबाने चालणाऱ्या हायड्रॉलिक क्लचला मात्र ताणायला केबलच नसते. पेडल मऊ पडले असेल तर द्रवाची पातळी, गळती आणि नळीत शिरलेली हवा, या क्रमाने शोध घ्यावा लागतो.