बैठक बोलवायच्या आधी

नवरा मारतो हे माहेरी कळलं की आपल्याकडं पहिलं काय होतं? बैठक. दोन्हीकडची वडीलधारी, समाजातले एखादे पंच, चहा, आणि मधोमध मान खाली घालून बसलेली ती. नवऱ्याला चार शब्द सुनावतात. तो "परत हात उचलणार नाही" म्हणतो. तिला सांगतात, "लेकरांकडं बघ, सांभाळून घे." मग सगळे आपापल्या घरी. तिला मात्र त्याच्याच घरी जायचं असतं, आणि ती काय काय बोलली ते सगळं त्यानं शेजारी बसून ऐकलेलं असतं.

माझं मत स्पष्ट सांगते, पटलं नाही तर खाली भांडा. मारणाऱ्यासमोर बसवून बाईला "मन मोकळं कर" म्हणणं हा तिच्या जिवाशी खेळ आहे. आपल्या सोलापुरात पूर्व भागात असो, विजापूर रोडच्या सोसायटीत असो, मराठी घर असो, तेलुगू असो की कन्नड, बैठकीचा साचा एकच.

आणि दुसऱ्या टोकाच्या हितचिंतक बायका, ज्यात माझ्या मैत्रिणीही आल्या. "कशाला राहालीस त्याच्याजवळ? आजच्या आज निघ!" बोलायला सोपं. पण बाई निघायला लागते तेव्हा आणि निघाल्यानंतरचे काही महिने, हाच सगळ्यात धोक्याचा काळ असतो. ताबा सुटतोय हे त्याला तेव्हा कळतं. जिवे मारायची धमकी, हत्यार, सततचा संशय, पाळत, यातलं काही असेल तर गंभीर समजा. आणि गळा दाबला असेल तर फारच गंभीर. वर वळ दिसत नसला तरी आत इजा झालेली असू शकते. सिव्हिलला न्या, डॉक्टरांना खरं कारण सांगा आणि कागदावर लिहून घ्या. "जिन्यावरून पडले" असं लिहिलेला केसपेपर पुढं तिच्याच विरोधात जातो.

२०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, हिंसा सोसलेल्या बायकांपैकी फक्त १४ टक्के बायकांनी कुणाची तरी मदत मागितली होती. म्हणजे तुमच्याजवळ जी बोलली तिनं आधीच मोठी उडी मारलीय. तिला सल्ला नको असतो. गुपचूप तयारीला एक विश्वासाचं घर हवं असतं.

तयारी म्हणजे काय? आधार, रेशनकार्ड, पासबुक, लग्नाचा दाखला, मुलांचे जन्मदाखले, विडी कामगार असेल तर तिचं कार्ड, यांच्या झेरॉक्स तुमच्या कपाटात. जमलं तर थोडे पैसे आणि कपड्यांचा एक जोड. मूळ कागद एकदम हलवले की त्याच्या लक्षात येतं, म्हणून ते शेवटी.

पण सगळ्यात मोठी मेख मोबाईल नंबरात आहे. कितीतरी बायकांच्या आधारला आणि बँकेला नवऱ्याचाच नंबर जोडलेला असतो. ती दिवसभर विड्या वळते, मजुरी खात्यावर, लाडक्या बहिणीचे दीड हजारही खात्यावर, पण एटीएम कार्ड त्याच्या खिशात आणि ओटीपी त्याच्या फोनवर. अशा वेळी नवीन नंबर घेऊन दुसऱ्या बँकेत तिच्या एकटीच्या नावाचं खातं काढणं, हे मला वकील गाठण्याइतकंच महत्त्वाचं वाटतं. तिचा व्हॉट्सॲप दुसऱ्या कुठल्या फोनवर जोडलेला आहे का, लोकेशन चालू आहे का, तेही बघा. शंका असेल तर तिच्या फोनवरून यातलं काहीच बोलू नका, तुमच्या फोनवरून १८१ लावून द्या. ही महिलांची हेल्पलाईन. मारहाण चालू असेल तर थेट ११२. सरकारच्या सखी वन स्टॉप सेंटरमध्ये तात्पुरता निवारा, समुपदेशन आणि पोलीस-वकिलापर्यंत पोचायची सोय असते.

पोलीस ठाण्यात कधीकधी "घरगुती मामला आहे, मिटवून घ्या" असंच ऐकायला मिळतं, म्हणजे बैठकच, फक्त खाकीतली. म्हणून हे माहीत असू द्या: २००५ च्या घरगुती हिंसाचार कायद्याखाली संरक्षण अधिकाऱ्याकडं (याच कायद्यासाठी नेमलेला सरकारी अधिकारी) किंवा थेट मॅजिस्ट्रेट कोर्टात अर्ज करता येतो. मारहाणच नाही, पैसे अडवणं आणि शिवीगाळही त्यात येते. घर सासऱ्याच्या नावावर असलं तरी तिथं राहायचा हक्क मागता येतो. ती मोहोळला मावशीकडं तात्पुरती राहत असेल तर तिथल्या कोर्टातही अर्ज चालतो. पहिली तारीख साधारण तीन दिवसांत लागावी, असं कायद्यात लिहिलंय. प्रत्यक्षात लांबतं, पण तातडीचा अंतरिम आदेश मागता येतो, आणि संरक्षण आदेश त्यानं मोडला तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. बाईचं उत्पन्न कितीही असो, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील फुकट मिळतो, फोन १५१००.

एवढं करूनही ती महिन्याभरानं परत गेली तर? जाऊ शकते. मुलं, शाळा, भाडं, "बदललोय" म्हणून त्याचे फोन. तेव्हा "आता आम्हाला सांगू नकोस" म्हणणारे पुष्कळ बघितलेत मी. मला राग येतो त्यांचा. तिनं पुन्हा कुणाकडं यायचं मग?

आणि निघून आली तर तो तुमच्या दारात येणार, हे धरून चाला. कधी रडत, कधी चार माणसं घेऊन. "फक्त एकदा बोलू द्या." दार उघडायचं नाही, ती कुठं आहे ते सांगायचं नाही, मध्यस्थाला नंबर द्यायचा नाही. मुलांच्या शाळेत लेखी कळवून ठेवा, कुणाच्या हाती सोडायचं आणि कुणाच्या नाही. कोर्टाचा आदेश असेल तर त्याची प्रत जोडा. तिची कामाला जायची वेळ आणि रस्ता काही दिवस बदलत ठेवा. आणि सिद्धेश्वराच्या गड्ड्याला, म्हणजे जत्रेला, तुमच्यासोबत आली, तर हौसेनं तिचा फोटो फेसबुकवर टाकू नका.