‘आमच्या टॅक्सवर लाडकी बहीण’: आधी हिशेब तरी करा

विधानसभेचा निकाल २३ नोव्हेंबर २०२४ ला लागला. तेव्हापासून एक मेसेज व्हॉट्सॲपवर फिरतोय आणि अधिवेशन जवळ आलं की नवे आकडे डकवून पुन्हा अवतरतो. या खेपेला तो एका आयटीतल्या जावयानं आपल्या सासूबाईंना पाठवला. सासूबाईंना राज्य सरकारच्या लाडकी बहीण योजनेतून महिना दीड हजार मिळतात. त्यांनी मला एवढंच विचारलं, “म्हणजे याच्या पगारातले पैसे मी खाते का?” म्हणून हा खटाटोप.

मेसेज लांबलचक आहे, मुद्दे मात्र मोजके. महाराष्ट्रावर नऊ लाख कोटींचं कर्ज, म्हणजे प्रत्येकाच्या डोक्यावर ७२ हजार. हे कर्ज लाडक्या बहिणींमुळे झालं. दीड हजारात मतं विकली गेली. देशात दोन टक्के लोक आयकर भरतात, बाकीचे त्यांच्या जिवावर जगतात. राज्य श्रीलंकेच्या वाटेवर आहे. म्हणून मताचा अधिकार फक्त करदात्यांना द्या, आणि तोवर कर भरणं बंद करा. खाली अर्थातच ‘खरे मराठी असाल तर पुढे पाठवा’.

मेसेजचा सगळा राग ‘माझ्या आयकरातून’ या दोन शब्दांवर उभा आहे, तेव्हा तिथूनच सुरुवात.

आयकर केंद्राचा. तो मंत्रालयात जात नाही, दिल्लीला जातो. तिथून उपकर आणि अधिभार वजा जाता जे उरतं, त्यातले ४१ टक्के सगळ्या राज्यांत मिळून वाटले जातात. पंधराव्या वित्त आयोगाच्या २०२१ ते २०२६ च्या सूत्रात त्या वाट्यातला महाराष्ट्राचा हिस्सा ६.३१७ टक्के होता. आता वर्षाला २० लाख पगार असलेला नोकरदार घ्या. २०२५-२६ च्या नव्या करप्रणालीत ७५ हजारांची प्रमाणित वजावट जाऊन १९ लाख २५ हजारांवर कर बसतो १ लाख ८५ हजार. वर चार टक्के आरोग्य-शिक्षण उपकर, त्यातून राज्यांना दमडीही मिळत नाही. १ लाख ८५ हजारांचे ४१ टक्के म्हणजे ७५,८५०. त्याचे ६.३१७ टक्के म्हणजे साधारण ४,७९०. वर्षभराच्या आयकरातून महाराष्ट्राच्या तिजोरीत येणारी रक्कम एवढीच.

आता पुढचं पाऊल. १० मार्च २०२५ ला विधिमंडळात मांडलेल्या अर्थसंकल्पात एकूण खर्च ७ लाख २० कोटी रुपये धरला होता आणि लाडक्या बहिणीसाठी तरतूद ३६ हजार कोटी. म्हणजे पाच टक्क्यांहून थोडं जास्त. ४,७९० रुपयांतला तेवढा हिस्सा काढला तर येतात २४६ रुपये. वर्षाचे. वीस लाख कमावणारे जावईबापू आयकराच्या वाटेनं या योजनेला महिन्याला साडेवीस रुपये देतात.

केंद्राकडून अनुदानंही येतात हे मान्य, पण ती बहुतेक ठरावीक योजनांना बांधलेली असतात. पगारातून थेट राज्याला जाणारा कर एकच, व्यवसाय कर. महिन्याला २००, फेब्रुवारीत ३००, वर्षाचे अडीच हजार. पगार वीस लाख असो की चाळीस, राज्यघटनेच्या २७६ व्या अनुच्छेदानं त्यावर तेवढीच कमाल मर्यादा घातलेली आहे.

मग राज्याची तिजोरी भरते कशानं? सर्वांत मोठा वाटा राज्य जीएसटीचा. त्यानंतर मुद्रांक शुल्क, पेट्रोल-डिझेलवरचा व्हॅट, दारूवरचं उत्पादन शुल्क, वाहन कर, वीज शुल्क. यातला कुठलाही कर उत्पन्नाचा दाखला मागत नाही. मुंबई-ठाण्यात पेट्रोलवर २५ टक्के व्हॅट आणि वर लिटरमागे ५ रुपये १२ पैसे. २०२५ मध्ये मुंबईत १०३ रुपयांच्या आसपास मिळणाऱ्या लिटरमध्ये राज्याचे जवळपास २४-२५ रुपये होते. स्वतःच्या बाइकवर पार्सल पोचवणारा मुलगा रोज दोन लिटर जाळत असेल आणि महिन्याचे पंचवीस दिवस काम करत असेल, तर नुसत्या व्हॅटपोटी तो महिन्याला सुमारे १,२०० रुपये राज्याला देतो. वर्षाचे साडेचौदा हजार. त्याचा आयकर शून्य, आणि मेसेजच्या लेखी तो फुकट्या!

इंजिनिअरही पेट्रोल भरतो, फ्लॅट घेतो, मुद्रांक शुल्क भरतो, जास्त खरेदी करतो म्हणून जास्त जीएसटी देतो. बरोबर. एकूण रुपयांत तो पुढेच असणार. पण मिळकतीच्या मानानं पाहिलं तर अप्रत्यक्ष कराचा बोजा कमी कमावणाऱ्यावर जास्त पडतो, कारण त्याची जवळजवळ सगळी कमाई खर्चातच जाते. सप्टेंबर २०२५ पर्यंत अंगाच्या साबणावर आणि टूथपेस्टवर १८ टक्के जीएसटी होता, आता पाच आहे. त्यातला निम्मा राज्याचा. सासूबाई साबण घेतात तेव्हा दुकानदार त्यांना ‘तुम्ही करदात्या नाही’ म्हणून सूट देत नाही. जून २०२५ मध्ये याच राज्य सरकारनं महसूल वाढवायला विदेशी मद्यावरचं शुल्क उत्पादन खर्चाच्या तिपटीवरून साडेचारपट केलं आणि देशीचंही वाढवलं. म्हणजे बहिणीच्या खात्यात जमा होणाऱ्या पैशातले काही भावजी गुत्त्यावर आधीच भरून आलेले असतात. हा विनोद नाही, अर्थसंकल्पाची जमेची बाजू आहे.

‘दोन टक्केच आयकर भरतात’ हे मात्र मोजायला गेलं तर साधारण खरं आहे. २०२३-२४ मध्ये विवरणपत्रं भरली साडेसात कोटींच्या आसपास लोकांनी, आणि त्यातल्या जवळपास पावणेपाच-पाच कोटींचा कर शून्य निघाला. पण २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात एकूण करवसुली ४२.७० लाख कोटी धरलेली, त्यात व्यक्तींचा आयकर १४.३८ लाख कोटी. साधारण एक तृतीयांश. उरलेल्या दोन तृतीयांशात कंपनी कर, जीएसटी, उत्पादन शुल्क, सीमा शुल्क. ‘देश दोन टक्क्यांवर चालतो’ म्हणणाऱ्यानं हे दोन तृतीयांश कुठल्या खिशातून येतात ते सांगावं.

आता मेसेजमधला सर्वांत घाणेरडा मुद्दा: ‘जो आयकर भरेल त्यालाच मत’. याचा तपशील पाठवणाऱ्यांनी पाच मिनिटं तरी तपासायचा. फेब्रुवारी २०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पानं नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर शून्य केला, पगारदाराला १२ लाख ७५ हजारांपर्यंत. म्हणजे महिना लाखभर पगार घेणाऱ्याचं मत गेलं. शेतीचं उत्पन्न करमुक्त, म्हणून दोनशे टन ऊस घालणाऱ्याचंही गेलं. घर सांभाळणाऱ्या सगळ्या बायकांचं गेलं. नोकरी लागलेली नाही त्या पदवीधराचं गेलं. निवृत्तिवेतन बारा लाखांच्या आत असेल, तर मेसेज पुढे ढकलणाऱ्या बहुतेक काकांचंही गेलं. आणि राहिलं कुणाचं? करवजावटीत वाकबगार सीए ज्याचा कर शून्यावर आणतो, त्या श्रीमंताचंही नाही. नोकरी सुटली की मत जाणार, बढती मिळाली की परत येणार.

ही कल्पना नवीही नाही. १९३५ च्या भारत सरकार कायद्याखाली मताधिकार मालमत्ता, कर आणि शिक्षणावरच अवलंबून होता, आणि बहुसंख्य प्रौढ मतदार यादीबाहेर होते. बाबासाहेब आंबेडकरांनी १९१९ मध्ये ब्रिटिशांनी मताधिकार ठरवायला नेमलेल्या साउथबरो समितीपुढे मताधिकाराची पात्रता खाली आणण्याची मागणी केली, १९२८ मध्ये सायमन आयोगापुढे थेट प्रौढ मताधिकार मागितला. घटनेच्या ३२६ व्या अनुच्छेदात तो आला. त्यात वय आहे, नागरिकत्व आहे, पॅनकार्ड नाही.

‘दीड हजारात मतं विकली.’ इथे अर्धवट सत्य आहे, ते देऊन टाकतो. योजना जून २०२४ मध्ये, लोकसभेत सत्ताधाऱ्यांना ४८ पैकी १७ जागांवर समाधान मानावं लागल्यानंतर आली. ऑक्टोबर आणि नोव्हेंबरचे हप्ते आचारसंहितेआधी एकत्र टाकले गेले. हा योगायोग होता असं कुणी सांगत असेल तर त्यानं ते दुसऱ्याला सांगावं. पण समोरच्या आघाडीनं ‘महालक्ष्मी’च्या नावाखाली महिना तीन हजार कबूल केले होते. विकायचंच होतं तर दुप्पट भाव सोडून बायका कमी भावाला का गेल्या? आणि मतांची बेरीज पाहा: त्या निवडणुकीत पुरुषांची मतं साधारण ३ कोटी ३४ लाख, स्त्रियांची ३ कोटी ६ लाख. पुरुषांचं मतदान जवळपास २८ लाखांनी जास्त. निकालाचा राग आलाय तर त्यातला मोठा वाटा पुरुषांच्या नावावर मांडा. त्यांना कुणी विकाऊ म्हणत नाही, त्यांची ती ‘राजकीय भूमिका’ असते.

कर्जाचा आकडा खोटा नाही. मार्च २०२६ अखेरचा अर्थसंकल्पी अंदाज ९ लाख ३२ हजार कोटी, लोकसंख्येनं भागलं तर ७२ हजारांच्या आसपास येतात. पण दरडोई कर्ज हा घाबरवायला सोपा आणि समजायला निरुपयोगी आकडा. बँक कर्ज देताना पगार बघते, घरात माणसं किती ते नाही. राज्याचा पगार म्हणजे स्थूल राज्य उत्पन्न, राज्यात वर्षभरात होणारी एकूण कमाई, ४९ लाख ३९ हजार कोटी. कर्ज त्याच्या १८.८७ टक्के, आणि राज्यानं स्वतःला घातलेली मर्यादा २५ टक्के. पंजाब चाळीस टक्क्यांच्याही वर आहे. योजना सुरू व्हायच्या आधी, मार्च २०२४ मध्येच कर्ज सात लाख कोटींच्या घरात होतं. ते कुठल्या बहिणीनं केलं?

श्रीलंकेचं फार बोलायला नको. एप्रिल २०२२ मध्ये श्रीलंकेनं परकीय कर्जफेड थांबवली ती डॉलर संपले म्हणून. महाराष्ट्राला परस्पर परदेशातून कर्ज काढताच येत नाही, घटनेचा २९३ वा अनुच्छेद राज्यांना देशाच्या आतच कर्ज उभारू देतो. रिझर्व्ह बँक साधारणपणे मंगळवारी राज्यांच्या रोख्यांचा लिलाव करते, आणि ते घेतात बँका, विमा कंपन्या, भविष्य निर्वाह निधी. ज्या पीएफच्या व्याजदराकडे जावईबापू डोळे लावून बसतात, त्याचा काही भाग अशाच रोख्यांत असतो. सावकार कोण, तर तेच.

एवढं सगळं म्हटल्यावर राज्याचं आर्थिक दुखणं नाहीच, असं कुणी समजू नये. दुखणं आहे, मेसेज नेमकं तेच सांगत नाही. २०२५-२६ ला महसुली तूट ४५,८९१ कोटी धरली होती. म्हणजे पगार, पेन्शन, व्याज, अनुदानं हा रोजचा खर्चच जमेतून भागत नाही आणि त्यासाठी कर्ज काढावं लागतं. पूल किंवा धरणासाठीचं कर्ज वेगळं, हे वेगळं. नुसत्या व्याजाला त्या वर्षी ६४ हजार कोटींच्या आसपास लागणार होते. त्या वर्षी कर्ज सुमारे ९३ हजार कोटींनी वाढणार होतं, त्याच्याशेजारी ३६ हजार कोटी ठेवले तर योजना किरकोळ नाही, हे उघड आहे.

शिवाय मार्चमधला आकडा शेवटचा नसतो. जुलै २०२५ च्या अधिवेशनात ५७ हजार ५०० कोटींच्या पुरवणी मागण्या, म्हणजे अर्थसंकल्पात न धरलेला जादा खर्च, आल्या. मूळ अर्थसंकल्प मांडून चार महिनेही झाले नव्हते. तूट खरी किती, हे पाहायचं तर अर्थसंकल्पी अंदाजावर थांबू नये, पुढच्या वर्षीच्या पुस्तकातला सुधारित अंदाज आणि त्याच्या पुढच्या वर्षीचे प्रत्यक्ष आकडे एकाशेजारी एक ठेवावेत. वित्त विभागाच्या संकेतस्थळावर तिन्ही मिळतात.

आणि योजनेचा पैसा कुठून वळवला, हे तर कुणी विचारतच नाही. २०२५ च्या मे महिन्यात सामाजिक न्याय विभागाचे ४१० कोटी ३० लाख आणि आदिवासी विकास विभागाचे ३३५ कोटी ७० लाख लाडक्या बहिणीकडे वळवल्यावर खुद्द सामाजिक न्याय मंत्री संजय शिरसाट जाहीरपणे चिडले होते. दलित-आदिवासींसाठीचा हा पैसा. छाननीत २६ लाखांहून अधिक खाती अपात्र ठरून थांबवली, त्यात सरकारी नोकरीतल्या बायका निघाल्या, चौदा हजारांवर पुरुषही निघाले! पैसे वाटायच्या आधी कागद बघायचे, ते मतदान झाल्यावर बघितले. राग काढायचा तर इथे जागा आहे, हवी तेवढी.

राहिलं ‘कर भरणं बंद करा’. पगारदाराला ते जमणारच नाही, कंपनी दर महिन्याला टीडीएस कापूनच हातात पगार देते. स्वतःचा व्यवसाय असेल आणि आगाऊ कर चुकवला तर महिन्याला एक टक्का व्याज लागतं, विवरणपत्र लांबवलं तर आणखी एक. बरं, तो न भरलेला पैसा जाणार होता दिल्लीला. लाडक्या बहिणीच्या हप्त्यात त्यानं फरक पडेल तो महिन्याला साडेवीस रुपयांचा.