‘बिनटाक्याची पिशवी’ आणि वैरणीचा भारा

कोल्हापुरात भिशीच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय: ‘गर्भपिशवी दुर्बिणीनेच काढा. एकही टाका नाही, दुसऱ्या दिवशी घरी, आठ दिवसांत सगळी कामं सुरू. पोट फाडणारे डॉक्टर मागे पडलेत.’ दुर्बिणीशी माझं वैर नाही, या मेसेजशी आहे.

पहिलं म्हणजे, ‘खालून’ काढायची पद्धत यात गायबच आहे. योनीमार्गे काढली तर पोटावर छेदच नसतो. अंग बाहेर येणाऱ्या बायकांची वर्षानुवर्षं अशीच काढतात. अंग बाहेर आलेलं नसलं, तरी पिशवी फार मोठी नसेल आणि मोकळी हलत असेल तर ती खालून निघते. कॅन्सर नसेल आणि जमत असेल तर आधी हाच मार्ग, असं २०१५ चा कॉक्रेन आढावाही (अनेक अभ्यास एकत्र तपासून काढलेला निष्कर्ष) सांगतो. दुर्बिणीच्या ऑपरेशनला वेळ जास्त लागतो.

‘एकही टाका नाही’? पोटावर तीन-चार बारीक भोकं पडतात, ती सोडा. पिशवी काढल्यावर योनीचं वरचं टोक शिवावं लागतं. कुठूनही काढा, आतली ही शिवण असतेच. आठ दिवसांत ती पक्की होत नाही, म्हणून साधारण सहा आठवडे जड उचलायचं नाही, संबंध टाळायचे. खरा घोळ इथेच होतो. पोटावर जखम दिसत नाही म्हटल्यावर घरच्यांच्या लेखी बाई बरी झाली. मग म्हशीची धार आहे, डोक्यावर वैरणीचा भारा आहे. पोटावर लांब टाका असलेल्या बाईला निदान भारा उचल म्हणायला कुणी धजावत नाही! ही शिवण उसवणं तसं दुर्मीळ, पण खालून केलेल्यापेक्षा दुर्बिणीनंतर ते जास्त आढळतं.

‘दुसऱ्या दिवशी घरी’ हे बऱ्याचदा खरं. पोटात भरलेल्या गॅसमुळे खांदा दुखतो, हेही सांगून ठेवावं.

राहिले ‘मागे पडलेले’ डॉक्टर. गर्भाशयमुखाच्या सुरुवातीच्या कॅन्सरवर २०१८ मध्ये मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. साडेचार वर्षांनी आजारमुक्त राहिलेल्या बायका पोट उघडून केलेल्या गटात ९६.५ टक्के, दुर्बीण किंवा रोबोटच्या गटात ८६. या कॅन्सरला पोट उघडा म्हणणारा डॉक्टर अद्ययावत आहे. पिशवीच्या अस्तराचा कॅन्सर लवकर सापडला तर मात्र दुर्बीण चालते.