किबेरा बघायचंच तर पहाटे पाचला बघा

नैरोबीत पाहुणे आले की एखादा तरी म्हणतोच, "ते किबेरा दाखव ना." किबेरा म्हणजे इथली प्रसिद्ध झोपडपट्टी. ती दाखवणाऱ्या टूरसुद्धा निघतात इथे. नाश्ता करून दहा-अकराला जायचं, गाइडबरोबर तासभर बोळांतून फिरायचं, फोटो काढायचे. परतताना गाडीत ठरलेलं वाक्य येतं: "किती लोक नुसते बसून असतात हो!"

अहो, कामाला जाणारे तुम्ही अंघोळ करायच्या आधीच गेलेले असतात.

भाजीवाल्या बायका पहाटे चारच्या सुमारास मरिकिटीच्या घाऊक बाजाराला निघतात. सुकुमा विकी या पालेभाजीशिवाय इथलं जेवण होत नाही, आणि ती ताजीच लागते. किबेराला लागून असलेल्या टोई मार्केटातले जुन्या कपड्यांचे विक्रेते त्याच वेळी गिकोंबा हा जुन्या कपड्यांचा मोठा बाजार गाठतात. तिथे गाठोडं फुटलं की पहिल्यांदा हात घालणाऱ्याला चांगला माल मिळतो, उशिरा येणाऱ्याने उरलंसुरलं घ्यायचं. इकडे बोळात कोळशाच्या शेगड्या पेटलेल्या असतात, मंदाझी, म्हणजे गोडसर फुगलेल्या वड्या, तळल्या जातात, शेजारी चपात्या. हो, चपात्याच, आपल्या लोकांबरोबर इथे आलेल्या. मैद्याच्या, भरपूर तेलाच्या, पदर सुटणाऱ्या. माझी आई त्यांना चपाती म्हणणार नाही, पण चहाबरोबर झकास लागतात.

साडेपाच-सहापासून रेल्वेरुळांच्या कडेने माणसांची रांग लागते. इंडस्ट्रियल एरियापर्यंत सहा-सात किलोमीटर, पायी. मटाटूचं, म्हणजे इथल्या खासगी मिनीबसचं, भाडं नेमकं गर्दीच्या वेळी वाढतं, पाऊस आला तर आणखी. रोजंदारीवाल्याला ते दोन्ही वेळचं कसं परवडणार? आणि एवढं चालून काम नक्की असतं असंही नाही. कारखान्याच्या फाटकाशी मुकादम बोट दाखवून माणसं निवडतो. ज्यांच्याकडे बोट वळत नाही ते तसेच चालत घरी येतात.

तुम्ही अकरा वाजता फोटो काढला तो बाकावर बसलेला माणूस कदाचित त्यातलाच असेल. शेजारचा पेंगणारा रात्रभर किलिमानी या सुखवस्तू वस्तीतल्या एखाद्या बिल्डिंगच्या गेटवर पहारा देऊन आलेला असेल.

पाण्याचंही तेच. वीस लिटरचा पिवळा कॅन एरवी पाच शिलिंगला, टंचाईत दुप्पट-चौपट. म्हणजे हजार लिटरला किमान 250 शिलिंग. बंगल्यातल्या नळाला याच्या कितीतरी कमी दर लागतो. तो कॅन भरायला बाई पहाटे रांगेत उभी, कारण नंतर पाणी येईलच याचा भरवसा नाही.

"आफ्रिकेतली सर्वांत मोठी झोपडपट्टी, दहा लाख वस्ती" हेही पाहुणे ऐकूनच आलेले असतात. 2009 च्या जनगणनेत हा आकडा 1,70,000 च्या आसपास निघाला. त्या मोजणीवर वाद आहेत, पण दहा लाखांवर एवढी सहज श्रद्धा बसते याची मला गंमत वाटते.

मी हल्ली कुणाला किबेरा दाखवायला नेत नाही. पहाटे येता का विचारतो. अजून तरी कुणी हो म्हणालेलं नाही.