खुलासा: सोव्हिएत संगीतकार शोस्टाकोविचचा ऑपेरा पहिल्याच रात्री बंद पडला नव्हता

'स्टालिन पहिल्या प्रयोगातून उठून गेला, दुसऱ्या दिवशी ऑपेऱ्यावर बंदी आली आणि शोस्टाकोविचची रवानगी सैबेरियाला झाली' असा एक मजकूर सध्या फिरतो आहे. गोष्ट रंगतदार आहे, पण बरीचशी चुकीची.

'लेडी मॅकबेथ ऑफ म्त्सेन्स्क' हा त्याचा ऑपेरा लेनिनग्राडमध्ये जानेवारी १९३४ मध्ये रंगमंचावर आला. त्यानंतर दोन वर्षे तो लेनिनग्राड आणि मॉस्कोत जोरात चालला, आणि सोव्हिएत समीक्षकांनीही त्याचे कौतुक केले. स्टालिनने तो पाहिला २६ जानेवारी १९३६ रोजी, बोल्शोई थिएटरात. संपण्याआधीच तो निघून गेला, एवढे मात्र खरे. दोनच दिवसांनी कम्युनिस्ट पक्षाच्या 'प्रावदा' या वृत्तपत्रात 'संगीताऐवजी गोंधळ' हा निनावी लेख आला. निनावी होता हीच खरी गोम: सही नाही म्हणजे मत एका समीक्षकाचे नाही, पक्षाचे. हा खेळ वाईट रीतीने संपू शकतो, अशी धमकीही त्यात होती. मग कालपर्यंत वाहवा करणारेच माफीचे सूर आळवू लागले! लवकरच प्रयोग थांबले.

शोस्टाकोविचला अटक झाली नाही, सैबेरियाही नाही. भीती मात्र खरी होती. त्याच वर्षी त्याने आपली चौथी सिंफनी तालमी सुरू असताना मागे घेतली. ऑपेरा सोव्हिएत रंगमंचावर परतला तो स्टालिनच्या मृत्यूनंतर, १९६०च्या दशकात, तोही सुधारून, 'कातेरिना इझमायलोवा' या नावाने.